अस्सल साधन, बखरीची रचना : मायकेल जॅक्सन यांच्या ‘धिस इज इट’ (२००९) या चित्रपटाची निर्मिती, स्वागत आणि इतिहासलेखनाचा प्रश्न

प्रस्तावना

सादरीकरणाच्या कलांचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे एक मूलभूत अडचण असते. शिल्प टिकते, हस्तलिखित टिकते, नाणे टिकते. परंतु रंगमंचावरील प्रयोग पडदा पडताच संपतो. त्याच्या मागे उरतात ती तिकिटे, वृत्तपत्रांतील परीक्षणे, प्रेक्षकांच्या आठवणी आणि विसाव्या शतकापासून चित्रफीत. चित्रफितीत कलावंत प्रत्यक्ष दिसतो आणि ऐकू येतो. त्यामुळे इतर साधनांपेक्षा तिच्यावर अधिक विश्वास ठेवण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. ही प्रवृत्ती कितपत ग्राह्य मानावी, हे तपासण्यासाठी अमेरिकन पॉप गायक मायकेल जॅक्सन (१९५८-२००९) यांच्यावरील ‘धिस इज इट’ हा चित्रपट विशेष उपयुक्त ठरतो. ज्या कार्यक्रमाचे दर्शन हा चित्रपट घडवितो, तो कार्यक्रम प्रत्यक्षात कधी झालाच नाही. उपलब्ध होते ते केवळ सरावाचे चित्रण. आणि ज्याचा सराव चित्रित झाला, तो कलावंत चित्रपट तयार होण्यापूर्वीच निवर्तला होता.

महाराष्ट्रातील इतिहासाभ्यासकांना या प्रश्नाचे स्वरूप अपरिचित नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा बखरी आणि समकालीन पत्रे यांच्या तुलनात्मक विश्वसनीयतेचा मुद्दा त्यांनी ठामपणे पुढे मांडला. बखर बहुधा घटनेनंतर, कोणाच्या तरी आज्ञेवरून वा आश्रयाने, एका विशिष्ट हेतूने रचली जाते. पत्र हे त्या क्षणाच्या व्यवहारासाठी लिहिले जाते. पुढे आपण इतिहासाचे साधन होणार आहोत याची त्याला जाणीव नसते. हा भेद ‘धिस इज इट’ला लावून पाहिल्यास एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. या चित्रपटातील प्रत्येक दृश्य समकालीन आहे, म्हणजे ‘पत्रा’च्या जातीचे आहे, परंतु त्या दृश्यांची निवड, क्रम आणि जोडणी मात्र बखरीच्या पद्धतीची आहे. साधन अस्सल आणि रचना बखरीची, हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य होय. प्रस्तुत निबंधात चित्रपटाची निर्मिती, त्याचे स्वागत आणि नंतरच्या न्यायालयीन कामकाजातून पुढे आलेली माहिती यांच्या आधारे हे प्रतिपादन तपासले आहे.

संगीतमैफलीच्या चित्रपटाची परंपरा

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या मैफलींवरील चित्रपटांची परंपरा १९६० च्या दशकात आकाराला आली. डी. ए. पेनेबेकर यांचा ‘मॉन्टेरे पॉप’ (१९६८) हा तिचा एक महत्त्वाचा टप्पा. त्याची अखेर पंडित रविशंकर यांच्या सतारवादनाने होते, ही भारतीय अभ्यासकांनी नोंद घेण्याजोगी बाब आहे. त्यानंतर आलेल्या ‘वुडस्टॉक’ (१९७०) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. न्यूयॉर्क येथे १ ऑगस्ट १९७१ रोजी बांगलादेशातील निर्वासितांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीवरील चित्रपट १९७२ मध्ये प्रदर्शित झाला. या मैफलीच्या मुळाशीही रविशंकर यांचीच प्रेरणा होती.

या परंपरेत ‘गिमी शेल्टर’ (१९७०) या चित्रपटाचे स्थान वेगळे आहे. ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात एका तरुणाची हत्या झाली आणि ती कॅमेऱ्याने टिपली. अल्बर्ट व डेव्हिड मेझल्स हे बंधू आणि शार्लट झ्वेरिन या दिग्दर्शकांनी ते दृश्य वगळले नाही. उलट, संकलनाच्या मेजावर ते चित्रण पाहणारा गायक मिक जॅगर यांनाच त्यांनी चित्रपटात दाखविले. चित्रण कसे निवडले जाते, कसे पाहिले जाते, हेही त्या चित्रपटाचा विषय बनले. मृत्यूला सामोरे जाण्याची ही एक रीत झाली. चाळीस वर्षांनंतर ‘धिस इज इट’ने नेमकी उलट रीत स्वीकारली.

दुसरा पूर्वसंकेत व्यावसायिक स्वरूपाचा आहे. २००८ च्या फेब्रुवारीत डिस्ने कंपनीने मायली सायरस या किशोरवयीन गायिकेच्या मैफलीवरील त्रिमितीय चित्रपट ‘केवळ एका आठवड्यासाठी’ म्हणून अमेरिकेत प्रदर्शित केला. प्रेक्षकांची गर्दी लोटल्यावर ही मुदत वाढविण्यात आली. मैफलीचा चित्रपट हा मैफलीप्रमाणेच ‘चुकवू नये असा प्रसंग’ म्हणून विकता येतो, हे यातून सिद्ध झाले. ‘धिस इज इट’चे वितरण याच नमुन्यावर झाले.

लंडनची घोषणा आणि सरावाचे चित्रण

५ मार्च २००९ रोजी लंडनच्या ओ-टू अरीना या प्रेक्षागृहात जॅक्सन यांनी आपल्या पुनरागमनाची घोषणा केली. १९९७ मध्ये संपलेल्या ‘हिस्टरी’ दौऱ्यानंतर त्यांनी असा दौरा केला नव्हता. २००५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने बालकांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांतून त्यांची निर्दोष मुक्तता केली होती. तथापि, त्यांची सार्वजनिक प्रतिमा आणि आर्थिक स्थिती या दोहोंवर त्या काळाचा आघात झालेला होता. प्रारंभी दहा प्रयोग जाहीर झाले. मागणी पाहून ही संख्या पन्नासपर्यंत वाढविण्यात आली आणि सर्व तिकिटे विकली गेली. कार्यक्रमाची प्रवर्तक संस्था ‘एईजी लाइव्ह’ ही होती आणि दिग्दर्शनाची जबाबदारी केनी ओर्टेगा यांच्याकडे होती. पहिला प्रयोग ८ जुलैला ठरला होता. मे महिन्यात तो १३ जुलैपर्यंत पुढे ढकलण्यात आला.

लॉस एंजेलिस व परिसरातील निरनिराळ्या ठिकाणी सराव झाला. त्याचा शेवटचा टप्पा स्टेपल्स सेंटर या क्रीडागृहात पार पडला. या काळात नृत्य-कलावंतांच्या निवडचाचण्या, वाद्यवृंदाच्या बैठका, रंगमंचावरील तालमी आणि प्रयोगात पडद्यावर दाखवायच्या लघुपटांची तयारी यांचे चित्रण होत राहिले. चित्रित साहित्य शंभर तासांहून अधिक होते. येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घ्यावयास हवी. हे चित्रण चित्रपटगृहात दाखविण्यासाठी झालेले नव्हते. कलावंताचा खासगी संग्रह आणि कार्यक्रमाच्या तयारीची नोंद एवढाच त्याचा हेतू होता. म्हणूनच कॅमेऱ्याची मांडणी साधी आहे, प्रकाशयोजना अपुरी आहे आणि कलावंतही प्रेक्षकांसाठी नव्हे तर स्वतःच्या कामासाठी गात आहे. राजवाड्यांच्या परिभाषेत सांगायचे, तर ही ‘पत्रे’ होती.

२४ जूनच्या रात्री उशिरापर्यंत सराव चालला. २५ जून २००९ रोजी जॅक्सन यांचे त्यांच्या राहत्या घरी निधन झाले. शवचिकित्सेत शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोपोफॉल या औषधाचा तीव्र परिणाम हे मृत्यूचे प्रमुख कारण ठरले. ऑगस्टच्या अखेरीस हा मृत्यू ‘मनुष्यवध’ या सदरात मोडतो, असे अधिकृतपणे जाहीर करण्यात आले. अखेरच्या सरावाच्या स्टेपल्स सेंटरमध्येच ७ जुलैला सार्वजनिक श्रद्धांजली सभा झाली. प्रवर्तक संस्थेने तिकीटधारकांना दोन पर्याय दिले : पैसे परत घ्यावेत किंवा त्याऐवजी खास छापलेले तिकीट स्मरणवस्तू म्हणून स्वीकारावे. न झालेल्या प्रयोगाचे तिकीट संग्राह्य ठरू शकते, ही कल्पना पुढील चित्रपटाची जणू नांदीच होती.

करारपत्र आणि संकलन

सरावाच्या चित्रणाचे हक्क सोनी समूहाच्या कोलंबिया पिक्चर्सने ६ कोटी डॉलरना घेतले. जॅक्सन यांच्या इस्टेटीचे व्यवस्थापक जॉन ब्रँका व जॉन मॅक्लेन, प्रवर्तक संस्था आणि चित्रपट कंपनी यांच्यातील या व्यवहाराला लॉस एंजेलिसचे न्यायाधीश मिचेल बेक्लॉफ यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मान्यता दिली. नफ्यातील नव्वद टक्के वाटा इस्टेटीला आणि दहा टक्के वाटा प्रवर्तक संस्थेला, अशी विभागणी ठरली. इस्टेटीवर कर्जाचा मोठा बोजा होता, तर रद्द झालेल्या कार्यक्रमावर प्रवर्तक संस्थेचा मोठा खर्च झालेला होता. चित्रपट हा या दोघांच्याही हानीची भरपाई करण्याचा मार्ग होता.

करारातील अटी इतिहासकाराच्या दृष्टीने आर्थिक तपशिलापेक्षाही महत्त्वाच्या आहेत. चित्रपट १५० मिनिटांपेक्षा दीर्घ नसावा, तो पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनाही पाहता येईल अशा श्रेणीचा असावा आणि जॅक्सन यांचे प्रतिकूल दर्शन घडविणारे चित्रण त्यात नसावे, असे बंधन त्यात होते. म्हणजेच संकलकाच्या मेजावर पहिली फीत येण्यापूर्वीच काय वगळायचे याचे तत्त्व लेखी निश्चित झाले होते. ‘सभासद बखर’ जिंजी येथे छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली, ही माहिती लक्षात ठेवूनच अभ्यासक ती बखर वाचतो. त्याच न्यायाने हे करारपत्र लक्षात ठेवूनच ‘धिस इज इट’ पाहावयास हवा.

कार्यक्रमाचे दिग्दर्शक ओर्टेगा हेच चित्रपटाचेही दिग्दर्शक झाले आणि निर्मात्यांत प्रवर्तक संस्थेच्या अधिकाऱ्यांचा समावेश होता. चार संकलकांनी अल्पावधीत १११ मिनिटांचा चित्रपट सिद्ध केला. त्याची रचना नियोजित कार्यक्रमाच्या क्रमानेच केली आहे. आरंभी नर्तकांची मनोगते येतात, नंतर एकामागून एक गाणी. निवेदक नाही, दृश्यांवर तारखा नाहीत आणि मृत्यूची चर्चा नाही. अनेक गाण्यांत वेगवेगळ्या दिवशीच्या सरावांतील तुकडे एकत्र गुंफले आहेत. लक्षपूर्वक पाहणाऱ्याला एकाच गाण्याच्या एका ओळीत एक पोशाख आणि पुढच्या ओळीत दुसरा पोशाख दिसतो. संकलकांनी ही सांधेजोड लपविलेली नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानता येईल. तरी तिचा परिणाम असा होतो, की तीन-चार दिवसांतील उत्तम क्षण मिळून एक अखंड सादरीकरण तयार होते. जे सादरीकरण पडद्यावर दिसते, ते तसे कोणत्याही एका दिवशी घडलेले नाही.

शीर्षकगीताची कथा याहून बोधप्रद आहे. १२ ऑक्टोबर २००९ रोजी ते जॅक्सन यांचे नवे गाणे म्हणून प्रसृत झाले. लगेचच गीतकार-गायक पॉल अँका यांनी ते आपण दोघांनी १९८३ मध्ये रचलेले गाणे असल्याचे निदर्शनास आणले आणि इस्टेटीने त्यांचा अर्धा वाटा मान्य केला. जुन्या ध्वनिमुद्रणावर जॅक्सन यांच्या बंधूंचे आवाज नव्याने चढविण्यात आले होते. पाठचिकित्सेच्या भाषेत याला ‘प्रक्षेप’ म्हणावे लागेल. अखेरच्या संदेशासारखे भासणारे हे गीत प्रत्यक्षात सव्वीस वर्षांपूर्वीचे होते.

पडद्यावरील कारागीर

असे असूनही या चित्रपटाला केवळ व्यापारी बनाव म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. बखरींतूनही अस्सल माहिती मिळते. ‘धिस इज इट’मध्ये तर ती पुष्कळ आहे. येथे दिसणारे जॅक्सन हे ध्वनिचित्रफितींतील झगमगत्या प्रतिमेपेक्षा वेगळे आहेत. संगीत दिग्दर्शक मायकेल बेअर्डन यांच्याशी ते एका गाण्याच्या लयीबद्दल बोलतात. सुरावट मूळ ध्वनिमुद्रणाप्रमाणेच हवी, श्रोत्यांना ती तशीच ऐकावयाची असते, असा त्यांचा आग्रह असतो. वाद्यांनी कोठे थांबायचे, शांततेला किती अवकाश द्यायचा, हे ते हाताच्या खुणेने सांगतात. गिटारवादक ऑरियान्थी हिला तिचा स्वर अधिक उंच न्यायला ते प्रोत्साहन देतात. सूचना देताना त्यांचा आवाज चढत नाही. मात्र सूचना संदिग्धही राहत नाही. पन्नाशीतील हा कलावंत आपल्या निम्म्या वयाच्या नर्तकांबरोबर प्रत्येक हालचाल नेमकी करताना दिसतो.

त्याचबरोबर संकलनातून निसटलेल्या काही खुणाही आहेत. गायिका जुडिथ हिल यांच्यासमवेतच्या युगुलगीतात भरात येऊन पूर्ण आवाजात गायल्यानंतर ते सहकाऱ्यांना सांगतात, की मला आवाज जपायचा आहे, असे गायला लावू नका. बालपणीच्या गाण्यांच्या वेळी कानातील ध्वनियंत्राचा त्यांना त्रास होतो आणि तो ते सौम्य शब्दांत बोलून दाखवितात. उंच यांत्रिक पाळण्यावरून प्रेक्षागृहावर झेपावताना ओर्टेगा त्यांना कठडा धरून ठेवण्यास पुन्हा पुन्हा विनवितात. पहिल्या दर्शनी ही दृश्ये जिव्हाळ्याची वाटतात. नंतरची माहिती हाती आल्यावर तीच दृश्ये वेगळ्या अर्थाने वाचता येतात. कर्त्याला जे सांगावयाचे नव्हते, तेही साधन कधी कधी सांगून जाते. साधनचिकित्सेचा हा जुना अनुभव येथेही येतो.

स्वागत

चित्रपट २८ ऑक्टोबर २००९ रोजी जगभर, भारतासह, एकाच वेळी प्रदर्शित झाला. मृत्यूला तेव्हा नुकतेच चार महिने पुरे झाले होते. दोन आठवड्यांची जाहीर केलेली मुदत पुढे वाढविण्यात आली. अमेरिकेत सुमारे ७ कोटी २० लाख डॉलर आणि जगभरात २६ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न झाले. मैफलीच्या चित्रपटांतील उत्पन्नाचा हा जागतिक उच्चांक होता आणि तो टेलर स्विफ्ट यांच्या ‘द एराज टूर’ (२०२३) या चित्रपटाने मोडेपर्यंत टिकला. सोबतच्या ध्वनिमुद्रिकेनेही अमेरिकेतील विक्रीत पहिले स्थान मिळविले.

समीक्षकांचा प्रतिसाद अपेक्षेहून अनुकूल होता. मृत्यूचा घाईघाईने केलेला व्यापार पाहावा लागेल, या शंकेने गेलेल्या अनेकांना पडद्यावर कामात गढलेला कलावंत दिसला. शिकागोचे ज्येष्ठ समीक्षक रॉजर इबर्ट यांनी चित्रपटाला चारपैकी चार तारे दिले आणि अमली औषधांच्या आहारी गेलेल्या रुग्णाची अपेक्षित प्रतिमा त्यात आढळली नाही, अशा आशयाचे निरीक्षण नोंदविले. या निरीक्षणातच चित्रपटाच्या यशाचे मर्म आहे. जून २००९ नंतरच्या बातम्यांनी उभे केलेले चित्र या चित्रपटाने खोडून काढले आणि प्रेक्षकांना शोक करण्यासाठी एक सन्मान्य रूप मिळवून दिले.

विरोधाचा सूर आला तो चाहत्यांच्याच एका गटाकडून. ‘धिस इज नॉट इट’ असे नाव घेऊन त्यांनी मोहीम चालविली. अखेरच्या आठवड्यांतील जॅक्सन यांची खरी प्रकृती चित्रपट लपवितो आणि ज्यांच्यावर त्यांच्या काळजीची जबाबदारी होती तेच आता नफा मिळवीत आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. त्या वेळी तो भावनेच्या भरातील अतिरेक म्हणून दुर्लक्षिला गेला. आक्षेपाला पुरावा नव्हता. कारण पुरावा ज्यांच्या ताब्यात होता, त्यांनीच चित्रपट काढला होता.

न्यायालयातील कागदपत्रे

हा पुरावा दोन खटल्यांतून पुढे आला. पहिला खटला जॅक्सन यांचे वैयक्तिक डॉक्टर कॉनरॅड मरे यांच्याविरुद्ध होता. दरमहा दीड लाख डॉलर वेतनाच्या बोलीवर ते दौऱ्यासाठी नेमले जाणार होते. २७ सप्टेंबर २०११ रोजी सुनावणी सुरू झाली, तेव्हा सरकारी वकिलांनी ज्यूरीला सरावातील चित्रण दाखविले आणि त्याबरोबरच १० मे २००९ रोजी डॉक्टरांच्या दूरध्वनीत मुद्रित झालेला जॅक्सन यांचा आवाजही ऐकविला. तो आवाज जड, अडखळणारा आणि शब्द नीट न उमटणारा होता. त्यात ते आपल्या नियोजित कार्यक्रमाबद्दलच बोलत होते. चित्रपट आणि हे ध्वनिमुद्रण ही एकाच वसंतातील एकाच व्यक्तीची दोन साधने. एक चित्रपटगृहात गेले, दुसरे पोलिसांच्या ताब्यात. ७ नोव्हेंबर २०११ रोजी मरे सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

याच खटल्यात ओर्टेगा यांची साक्ष पहिल्याच दिवशी झाली. १९ जूनला जॅक्सन सरावासाठी आले तेव्हा ते आजारी होते. त्यांना थंडी वाजत होती आणि सराव न करताच त्यांना घरी पाठवावे लागले. त्या रात्री ओर्टेगा यांनी प्रवर्तक संस्थेच्या प्रमुखांना ई-मेल पाठवून त्यांच्या अशक्तपणाबद्दल चिंता व्यक्त केली होती आणि तज्ज्ञांकडून त्यांची तपासणी व्हावी, असे सुचविले होते. पुढे २३ व २४ जूनला जॅक्सन उत्साहाने परतले, असेही त्यांनी सांगितले. चित्रपटात हा परतलेला उत्साह आहे. १९ जूनची रात्र नाही. दिग्दर्शकाला ती रात्र माहीत होती. नव्हे, त्या रात्रीचा लेखी पुरावा त्यानेच निर्माण केला होता.

दुसरा खटला जॅक्सन यांच्या मातोश्रींनी प्रवर्तक संस्थेविरुद्ध दाखल केला होता आणि त्याची सुनावणी २०१३ मध्ये झाली. त्यात सादर झालेल्या ई-मेलपैकी एक थेट चित्रपटाच्या संकलनाविषयी होता. लाल चामडी जाकिटातील काही दृश्यांत जॅक्सन फारच कृश, सांगाड्यासारखे दिसतात, तेव्हा ती दृश्ये काढून टाकावीत, अशी सूचना संस्थेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यात केली होती. करारातील ‘प्रतिकूल दर्शन नको’ या अटीची अंमलबजावणी कशी झाली, हे त्यातून दिसते. २ ऑक्टोबर २०१३ रोजी ज्यूरीने संस्थेला मृत्यूबद्दल जबाबदार ठरविले नाही. संस्थेने डॉक्टरांची नेमणूक केली होती हे मान्य झाले. मात्र ज्या कामासाठी ती केली त्यासाठी ते अपात्र होते, हे मान्य झाले नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे संपला. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या सुनावणीतील पत्रव्यवहार हा चित्रपटाच्या वाचनाचा अपरिहार्य भाग झाला. २०१९ मध्ये ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ या माहितीपटाने शोषणाच्या आरोपांची चर्चा पुन्हा उभी केली आणि चित्रपटाच्या मौनाला आणखी एक संदर्भ मिळाला.

तथापि, न्यायालयीन कागदपत्रे म्हणजे संपूर्ण सत्य, असे समजण्याचे कारण नाही. वादी आणि प्रतिवादी आपापल्या बाजूची पत्रेच पुढे ठेवतात. त्यांच्या दृष्टीने जॅक्सन हे रुग्ण, कर्जदार किंवा करारातील एक पक्ष आहेत. लय, सूर आणि पदन्यास यांच्यावर अखेरपर्यंत हुकमत असलेला कलावंत त्या कागदांत कोठेही नाही. तो केवळ चित्रपटात आहे.

मुंबईचा संदर्भ

या द्वंद्वाचा एक प्रतिध्वनी महाराष्ट्रातही आढळतो. ‘हिस्टरी’ दौऱ्यातील जॅक्सन यांचा भारतातील कार्यक्रम १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरी येथील क्रीडासंकुलात झाला. शिव उद्योग सेनेच्या साहाय्यार्थ असलेल्या या कार्यक्रमाला तत्कालीन राज्य शासनाने करमणूक करात सवलत दिली. मुंबई ग्राहक पंचायतीने तिला न्यायालयात आव्हान दिले. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सवलतीचा निर्णय रद्द ठरवून फेरविचार करण्यास सांगितले आणि अखेर २०२१ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने तीन कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या या करमाफीला पुन्हा मान्यता दिली. कार्यक्रम एका रात्रीचा, त्याचे कागद मात्र पाव शतकाचे. उपस्थितांच्या मनात त्या रात्रीचा नाद राहिला. सार्वजनिक अभिलेखात उरला तो कराचा हिशेब. मुंबईच्या त्या प्रयोगाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यालाही आठवण आणि कागद या दोन्ही टोकांना धरूनच पुढे जावे लागेल.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की चित्रफितीची विश्वसनीयता दोन पातळ्यांवर तपासली पाहिजे : चित्रण कोणत्या हेतूने झाले ही एक, आणि संकलन कोणाच्या अटींवर झाले ही दुसरी. ‘धिस इज इट’ पहिल्या कसोटीला उतरतो, दुसऱ्या कसोटीला उतरत नाही. दुसरा असा, की मरणोत्तर चित्रपटात कलावंताची संमती नसते, ही बाब नैतिक आहे तशीच पद्धतीचीही आहे. टेलर स्विफ्ट यांनी २०२३ चा आपला चित्रपट स्वतः निर्मिला आणि चित्रपटगृहांच्या साखळीशी थेट करार करून वितरित केला. तोही एका अर्थाने बखरच. परंतु ती स्वतःच्या आज्ञेची आहे आणि तिच्या गुणदोषांचे उत्तरदायित्व तिच्या नायिकेकडेच जाते. जॅक्सन यांच्याबाबत ते उत्तरदायित्व इस्टेट, प्रवर्तक आणि चित्रपट कंपनी यांच्यात विभागले गेले. आपली अपुरी तालीम जगाने पाहावी काय, हे ठरविण्याचा अधिकार मात्र, आवाज जपू द्या असे सहकाऱ्यांना सांगणाऱ्या त्या परिपूर्णतावादी कलावंताला उरला नाही.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी निगडित आहे. आज इतिहासाच्या विद्यार्थ्याचा भूतकाळाशी पहिला परिचय बहुधा पडद्यावरून होतो. त्याला पडदा खोटा असतो असे शिकविणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. पडद्यावरील प्रत्येक तुकडा खरा असूनही त्यांची माळ एखाद्याच्या हितासाठी ओवलेली असू शकते, हे त्याला दाखवून द्यावयास हवे. त्यासाठी १११ मिनिटांच्या चित्रपटाशेजारी एक करारपत्र, एक ध्वनिमुद्रण आणि दोन ई-मेल ठेवले, तर साधनचिकित्सेचा पाठ पूर्ण होतो. न वापरलेले कित्येक तासांचे चित्रण आजही खासगी मालकीचे आहे. ते अभ्यासकांसाठी खुले होईल तेव्हा १९ जूनची रात्र आणि २४ जूनची रात्र एकाच क्रमात वाचता येतील; तोपर्यंत चित्रपट पाहणाऱ्याने पोशाख कोठे बदलतो, याकडे लक्ष ठेवलेले बरे.